ग्लाउबर आणि त्याचें अद्भुत मीठ

रसायनशास्त्राच्या वर्गांत बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस मोरचूद, हिराकस, तुरटी, धुण्याचा सोडा हे पदार्थ चांगले परिचयाचे आहेत. पाण्यांत विरघळावें आणि पाणी आटविलें असतां पुन्हां स्फटिकरूपानें प्रकट व्हावें, हा त्यांचा स्वभाव. ह्याच कुळांतील आणखी एक पदार्थ ग्लॉबर सॉल्ट ह्या नांवानें प्रयोगशाळेच्या फळीवर बसलेला असतो. बाटलीवरील चिठ्ठी वाचतांना हा ग्लॉबर कोण, कोठला, आणि त्याचें नांव ह्या मिठाला कां चिकटलें, असा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. तो विचारण्यासारखा आहे. ज्याच्या नांवाचा हा क्षार, त्या मनुष्यानें तो डोळसपणें शोधून काढिला, त्याचे गुण जसे दिसले तसे लिहून ठेविले. आणि त्याच मनुष्यानें, त्याच लेखणीनें, ह्या क्षारांत सृष्टीची गुरुकिल्ली दडलेली आहे असेंही लिहिलें. शोध आणि भ्रम हे एका घरांत इतके शेजारीं शेजारीं नांदत असलेले आम्हीं फारसे पाहिले नाहींत. म्हणून ह्या अंकांत त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

योहान रुडोल्फ ग्लाउबर ह्याचा जन्म १६०४ सालीं जर्मनींत माइन नदीच्या कांठीं असलेल्या कार्लश्टाट गांवीं झाला. (आपल्याकडे इंग्रजींतून आलेला ग्लॉबर हा उच्चार रूढ आहे, जर्मन लोक ग्लाउबर म्हणतात, व आम्हींही माणसाचें नांव घेतांना तोच उच्चार धरिला आहे.) बाप न्हावी होता. त्या काळीं युरोपांतील न्हावी केवळ हजामत करून राहत नसे. रक्त काढणें, जखमा बांधणें, किरकोळ शस्त्रक्रिया करणें हीं कामेंही त्याच्याकडेच असत. तुंबड्या लावणारे आपल्याकडील न्हावी वडील मंडळींनीं ऐकिलेले असतीलच. अशा घरांत वाढलेल्या मुलाला औषधांचा नाद लागावा ह्यांत नवल नाहीं. परंतु विद्यापीठाची पायरी तो कधीं चढला नाहीं. जें कांहीं शिकला तें भट्ट्यांपुढें उभा राहून व देशोदेशींच्या कारागिरांचीं कामें पाहून शिकला. आणि पुढें नांव झाल्यावरही ह्या गोष्टीची त्याला लाज वाटली नाहीं, उलट अभिमानच वाटे.

त्याच्या वयाच्या चौदाव्या वर्षीं, म्हणजे १६१८ सालीं, जर्मनींत तीस वर्षांचें प्रसिद्ध युद्ध पेटलें. तें १६४८ पर्यंत विझलें नाहीं. गांवेंच्या गांवें ओस पडलीं, शेतें जळालीं, आणि लष्करामागून रोगराई फिरूं लागली. ग्लाउबरचें तारुण्य सगळें ह्या धामधुमींत गेलें. आज साल्झबुर्ग, उद्यां बाझेल, परवां पॅरिस, अशी त्याची भटकंती चाले. कांहीं काळ त्यानें धातूचे आरसे ओतून पोट भरिलें.

१६२५ च्या सुमारास तो ऑस्ट्रियांत व्हिएन्नाच्या बाजूला होता. तेथून जवळच्या नॉयश्टाट गांवीं त्याला तापानें गांठलें. हंगेरियन ताप ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या दुखण्यांत तेव्हां पुष्कळ माणसें दगावत. ग्लाउबर वांचला, पण ताप उतरल्यावर पोटांत अन्न ठरेना. परक्या मुलुखांत, हातीं पैसा नाहीं, अंगांत त्राण नाहीं, अशी अवस्था झाली. तेव्हां गांवच्या लोकांनीं त्याला सांगितलें कीं, द्राक्षमळ्याशेजारीं एक झरा आहे. पावाचा एक मोठा तुकडा बरोबर घे व तेथें जा. त्याचा ह्या बोलण्यावर फारसा विश्वास बसला नाहीं. तरी गेला. पावाच्या आंतील मऊ भाग काढून तो त्यानें झऱ्याच्या पाण्यांत भिजवून खाल्ला, आणि उरलेल्या पोकळ कवचाचाच पेला करून तें पाणी प्याला. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी भूक त्याला त्या ठिकाणीं लागली. पुढें कांहीं वेळा तेथें जाऊन तो पुरता बरा झाला. ही हकीकत त्यानें स्वतःच उतारवयांत लिहून ठेविली आहे.

दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानून वाटेला लागला असता, किंवा झऱ्याच्या कांठीं एखादा दिवा लावून मोकळा झाला असता. ह्या तरुणाला मात्र त्या पाण्यांत काय आहे हें कळल्यावांचून चैन पडेना. त्यानें लोकांस विचारिलें. त्यांनीं सांगितलें, पाण्यांत सोरा आहे. मग त्यानें तें पाणी आटविलें. भांड्यांत लांब लांब, कांचेसारखे पारदर्शक स्फटिक जमले. दिसण्यांत ते सोऱ्यासारखेच होते, आणि न जाणत्यानें त्यांस सोराच म्हटलें असतें. परंतु सोरा जळत्या निखाऱ्यावर टाकिला असतां फुरफुरून पेट घेतो. हे स्फटिक पेटेनात. म्हणजे हा सोरा नव्हे. मग काय? विशीतल्या त्या मुलाजवळ ह्याचें उत्तर नव्हतें. उत्तराला पुष्कळ वर्षें लागलीं, आणि तें झऱ्याच्या कांठीं न मिळतां भट्टीच्या तळाशीं मिळालें.

मधल्या काळाची हकीकत आम्ही थोडक्यांत उरकतों. गीसेन येथील दरबारांत त्यानें औषधें तयार करण्याची चाकरी केली, युद्धामुळें ती सोडिली, आणि १६४० च्या सुमारास हॉलंडांत ॲम्स्टरडॅम शहरीं आला. पहिला संसार मोडला होता. १६४१ सालीं त्यानें हेलेना कॉर्नेलिस नांवाच्या स्त्रीशीं दुसरें लग्न केलें. तिच्यापासून त्यास आठ मुलें झालीं. ह्या आठ मुलांची आठवण वाचकांनीं ठेवावी. पुढें ग्लाउबरच्या वागण्यांत ज्या गोष्टी खटकतात त्यांपैकीं कित्येकांचें मूळ त्या भरलेल्या घरांत आहे.

ॲम्स्टरडॅमांत त्यानें भट्ट्या बांधावयास घेतल्या. ह्या कामांत त्याचा हात कोणी धरूं शकला नाहीं. उंच धुराडें लावून वाऱ्याचा ओढा वाढवावा, म्हणजे विस्तव अधिक तापतो, ही युक्ति त्यानें आपल्या भट्ट्यांत उत्तम साधिली. १६४६ पासून १६४९ पर्यंत नव्या भट्ट्यांवरील त्याचा पांच भागांचा ग्रंथ छापून निघाला. ग्रंथाचें नांव लॅटिन, पण मजकूर जर्मन भाषेंत. कारण तो पंडितांपेक्षां कारागिरांस उपयोगीं पडावा असा त्याचा हेतु होता. भट्टी कशी बांधावी, भांडें कोठें ठेवावें, सांधा कशानें लिंपावा, हें सर्व इतक्या उघडपणें सांगणारीं पुस्तकें त्या काळीं थोडीं. किमयागार मंडळी साधी कृति लिहावयाची तरी सिंह, गरुड व नाग ह्यांच्या रूपकांत गुंडाळून लिहीत.

आतां मिठाकडे वळूं. खाण्याच्या मिठावर गंधकाम्ल घालून तापविलें असतां एक तिखट वायु निघतो, आणि तो पाण्यांत धरिला असतां लवणाम्ल, म्हणजे ज्यास आपण हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणतों तें, तयार होतें. ही कृति ग्लाउबरनें सुधारून सांगितली आणि तिच्या योगें तीव्र लवणाम्ल तयार केलें. सोऱ्यावर तोच प्रयोग करून त्यानें नत्राम्लही काढिलें. अम्ल हातीं आलें म्हणजे बाकीच्यांचें काम संपत असे. भांड्याच्या बुडाशीं जो पांढरा खरवडा राही त्यास किमयागार मृतशीर्ष म्हणत; प्राण निघून गेला, मुंडकें राहिलें, असा त्या शब्दाचा भाव. तें उकिरड्यावर फेंकून देण्याची वहिवाट होती. ग्लाउबरनें तें फेंकिलें नाहीं. पाण्यांत विरघळविलें, गाळिलें, आटवून थंड जागीं ठेविलें. आणि सकाळीं पाहतो तों लांब, पारदर्शक स्फटिक! नॉयश्टाटच्या झऱ्याच्या पाण्यांतून निघाले होते तेच हे. निखाऱ्यावर न पेटणारे, जिभेवर गार लागून मग खारट-कडवट होणारे. तरुणपणीं ज्या पदार्थानें त्याला जीवदान दिलें तो आतां त्याला स्वतःच्या हातानें, हवा तितका, करितां येऊं लागला. त्याला त्यानें अद्भुत मीठ असें नांव दिलें. लॅटिनमध्यें तें साल मिराबिले असें होतें. क्षारांच्या स्वभावावरील आपल्या १६५८ सालच्या निबंधांत त्यानें झऱ्याची कथा आणि ह्या मिठाचे गुण एकत्र सांगितले.

हे गुण खरोखरच मजेदार आहेत. आजच्या भाषेंत हा सोडियम सल्फेट होय. मात्र स्फटिकांत त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. हिशेब केला तर १०० भार स्फटिकांत सुमारें ५६ भार पाणीच निघतें. अर्ध्याहून अधिक पाणी, आणि तरी हाताला कोरडा! हा स्फटिक इतका मऊ कीं नखानें ओरखडा निघतो. कोरड्या हवेंत उघडा ठेविला तर आंतील पाणी उडून जातें, चकाकी मावळते, आणि वर पिठासारखी भुकटी धरते. ३२.४ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला तर तो स्वतःच्याच पाण्यांत विरघळून जातो. ह्याचा अर्थ असा कीं, वैशाखांत नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४० अंशांच्या वर चढतो तेव्हां हे स्फटिक बाटलींतल्या बाटलींत पाणी होऊन बसतील. त्यांस विस्तव दाखविण्याची गरज नाहीं. विरघळण्याच्या बाबतींतही त्यांची तऱ्हा निराळी. बहुतेक क्षार पाणी जितकें गरम तितके अधिक विरघळतात. हा क्षारही तसाच वागतो, पण ३२.४ अंशांपर्यंतच. शून्य अंशाला १०० भार पाण्यांत कोरडा क्षार जेमतेम ५ भार विरघळतो, ३२.४ अंशांना ५० भारांच्या आसपास. आणि त्यापुढें पाणी तापवीत नेलें तर विरघळण्याचें प्रमाण वाढण्याऐवजीं हळूहळू उतरूं लागतें. गरम दाट द्रावण न हालवितां झांकून निवूं दिलें तर तें तसेंच स्वच्छ राहतें. मग एकच बारीक स्फटिक आंत टाकावा, क्षणांत सगळें भांडें गोठल्यासारखें घट्ट होतें. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग आपल्या शिक्षकांकडून अवश्य करवून घ्यावा. पाहणारास तो जादूसारखा वाटतो हें खरें.

सतराव्या शतकांतल्या मनुष्याला तो केवळ जादूसारखा वाटला नाहीं; त्यांत त्याला सृष्टीचें रहस्य दिसलें. ग्लाउबरनें हे स्फटिक तापवून त्यांतलें पाणी घालविलें आणि ती कोरडी भुकटी पाण्यांत टाकिली. पाणी गोठून घट्ट झालें. आपण म्हणूं, १४२ भार कोरडा क्षार १८० भार पाणी आपल्या स्फटिकांत बांधून घेतो, म्हणून असें झालें. त्याला हा हिशेब ठाऊक नव्हता. असण्याचा संभवच नव्हता. पाण्यासारख्या वाहत्या तत्त्वाला जें स्थिर करितें तें काय करणार नाहीं, असें त्याच्या मनानें घेतलें. कोळसा हा पदार्थ कोणत्याही द्रवांत विरघळत नाहीं असा त्याचा अनुभव. पण ह्या मिठाबरोबर कोळसा खूप तापविला तर तोही दिसेनासा होतो असें त्याला आढळलें. झालें! सर्व पदार्थांस विरघळविणारें जें द्रव्य किमयागार शतकानुशतकें शोधीत होते तेंच हें, किंवा त्याचा सख्खा भाऊ तरी, असें तो मानूं लागला. वस्तुतः कोळसा विरघळत नाहीं. तो क्षारांतील प्राणवायु ओढून घेतो व स्वतः वायुरूपानें निघून जातो. मागें गंधकाचा एक नवा क्षार राहतो. हा नवा क्षार वितळलेला असतांना सोन्यालाही पोटांत घेतो. सोनें विरघळविणारी वस्तु हातीं आल्यावर किमयागाराचें डोकें ठिकाणावर राहावें अशी अपेक्षा करणें कठीण आहे.

पॅरासेल्सस नांवाच्या आदल्या शतकांतील प्रसिद्ध वैद्यानें एका गूढ क्षाराचा उल्लेख केला होता. आपलें मीठ तेंच, असें ग्लाउबरनें ठरविलें. पॅरासेल्ससच्या अनुयायांत अशीही समजूत होती कीं, एलीया नांवाचा एक महान कारागीर एके दिवशीं प्रकट होईल आणि सर्व रसायनविद्येचीं गुपितें उघडीं करील. पवित्र शास्त्रांतील एलीया संदेष्टा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्याच्या परत येण्याविषयींच्या वचनावरच ही कल्पना उभारलेली होती. लोक त्या पुरुषाची वाट पाहत होते. आयुष्याच्या अखेरीस ग्लाउबरनें ह्या विषयावर एक पुस्तक लिहिलें आणि त्यांत निराळाच अर्थ लाविला. एलियास आर्टिस्टा ह्या लॅटिन नांवांतील बारा अक्षरें उलटसुलट मांडिलीं असतां एट आर्टिस सालिया असे शब्द तयार होतात. त्यांचा अर्थ, आणि कलेचे क्षार. म्हणून येणारा एलीया हा मनुष्य नसून क्षार आहेत, असें त्याचें म्हणणें. अक्षरांचा हा खेळ आज आपल्याला पोरकट वाटेल. परंतु मूलद्रव्य म्हणजे काय हें लाव्हाज्येनें जगाला समजावून देण्यास अद्याप शंभरांहून अधिक वर्षें अवकाश होता. शब्द, तारे, धातु आणि धर्मवचनें ह्यांत एकच अर्थ भरून राहिला आहे, ही त्या काळच्या मोठमोठ्या विद्वानांचीही श्रद्धा होती. ग्लाउबरला हंसावयाचें तर त्या सर्वांस हंसावें लागेल.

हंसूं येतें तें निराळ्या लोकांचें. अमका स्फटिक उशाशीं ठेविला तर दुःस्वप्नें टळतात, तमका गळ्यांत घातला तर मनाची मलिनता जाते, असें सांगून पैसे घेणारे लोक आजही आहेत. मूलद्रव्यांचें कोष्टक शाळेंत टांगलेलें असतां, पुस्तकें हाताशीं असतां, ते असें सांगतात. ग्लाउबरनें निदान आपला स्फटिक तापविला, तोलला, चाखला, पाण्यांत टाकिला, निखाऱ्यावर टाकिला, आणि जें घडलें तें लिहिलें. त्याचे अर्थ चुकले. नोंदी चुकल्या नाहींत. त्याच्या नोंदी आजही कोणी ताडून पाहाव्या.

त्याचा आणखी एक शोध मुलांस विशेष आवडेल. वाळू व क्षार एकत्र वितळवून जी पाण्यांत विरघळणारी कांच होते तिच्या द्रावणांत त्यानें लोहाच्या क्षाराचे खडे टाकिले. थोड्या वेळानें त्या खड्यांतून फांद्या फुटून झाडासारखी वाढ वर चढूं लागली. ह्यास आतां रासायनिक बाग म्हणतात, व ती करून पाहणें सोपें आहे. धातु भूमीच्या पोटांत बीजापासून वाढतात अशी त्या काळीं समजूत होती. तिला भट्टीवाल्याच्या टेबलावर हा डोळ्यांनीं दिसणारा पुरावाच मिळाला!

परंतु बागा आणि स्फटिक ह्यांवर आठ मुलांचीं पोटें भरत नाहींत. १६४९ सालीं ग्लाउबरचें दिवाळें निघालें. त्याला ॲम्स्टरडॅम सोडावें लागलें. तो पुन्हां माइन नदीच्या मुलुखांत आला, आणि प्रथम वेर्टहाइम व नंतर किट्झिंगेन येथें राहिला. युद्ध संपलें होतें, देश उजाड झाला होता. किट्झिंगेनच्या आसपास द्राक्षमळे पुष्कळ. मद्य काढून घेतल्यावर पिंपांच्या तळाशीं जो गाळ राहतो तो लोक टाकून देत. त्यांतून टार्टार नांवाचा उपयुक्त क्षार काढण्याची युक्ति त्यानें बसविली व त्याबद्दल माइन्ट्सच्या इलेक्टराकडून सनद मिळविली. मृतशीर्षाच्या वेळचीच ही दृष्टि. दुसऱ्यानें टाकिलेल्या वस्तूकडे ह्या मनुष्याचें लक्ष हटकून जाई.

ह्याच ठिकाणीं त्याच्या आयुष्यांतील सर्वांत कटु प्रसंग घडला. क्रिस्टॉफ फार्नर नांवाच्या एका गृहस्थाला त्यानें आपल्या कांहीं गुप्त कृति, त्या दुसऱ्यास न सांगण्याच्या अटीवर, दिल्या. फार्नरनें वचन मोडून त्या विकल्या असा ग्लाउबरचा आरोप होता. फार्नरनें उलट ग्लाउबरलाच लबाड ठरविलें. दोघांनीं एकमेकांविरुद्ध पुस्तकें छापिलीं. १६५५ सालच्या आपल्या बचावाच्या पुस्तकांत ग्लाउबर इतका चिडलेला दिसतो कीं वाचणारास कींव यावी. मोठ्या बुद्धीच्या मनुष्यानें ह्या चिखलांत इतकें लोळावयास नको होतें, असें आम्हांस वाटतें.

मात्र फार्नरचें प्रकरण बाजूला ठेविलें तरी एक गोष्ट झांकतां येत नाहीं. ग्लाउबर अर्धें सांगे आणि अर्धें विके. पुस्तकांत एखाद्या द्रव्याची अपार स्तुति करावी, कृतीचा मुख्य भाग मात्र मोघम ठेवावा, आणि मग जो पैसा देईल त्याला तो एकांतांत सांगावा, असा त्याचा व्यवहार असे. पिण्याचें सोनें म्हणून एक औषधही तो करीत असे. त्याच्या वेळीं संशोधकाला पगार देणारी संस्था नव्हती. जें शोधावें तें विकूनच जगावयाचें. हें समजून घेतलें तरी अद्भुत ह्या शब्दांत श्रद्धा किती आणि दुकानदारी किती, हा प्रश्न त्याच्या पुस्तकांच्या प्रत्येक पानावर डोकें वर काढितो. त्याच्याच पुस्तकांच्या मालेंत जर्मनीच्या कल्याणावर लिहिलेले सहा भाग आहेत, १६५६ ते १६६१ ह्या सालांतले. त्यांत तो आपल्या देशबांधवांस सांगतो कीं, आपली कच्ची खनिजें परदेशीं विकूं नका, स्वतः शुद्ध करा. धान्य व मद्य आटवून, टिकाऊ करून सांठवा, म्हणजे पुढल्या दुष्काळांत वा युद्धांत उपाशीं मरावें लागणार नाहीं. ह्या पानांवर दुकानदार दिसत नाहीं. लहानपणीं जळालेलीं गांवें पाहिलेला मनुष्य दिसतो.

१६५५ नंतर तो ॲम्स्टरडॅमला परतला तो कायमचा. तेथें त्यानें थोरली प्रयोगशाळा उभारली. समुएल सोर्बिएर नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें १६६० सालीं ती पाहिली आणि तिची वाखाणणी केली. तेंच साल ग्लाउबरचें वैभव मावळण्याचेंही ठरलें. त्याचें अंग लुळें पडूं लागलें. चाळीस वर्षें तो पारा, सोमल, अंजन ह्यांच्या धुरांत उभा राहिला होता. त्या विषांनींच त्याचा देह पोखरला असावा असें पुढील वैद्यांचें अनुमान आहे. १६६६ सालीं गाडींतून पडल्याचें निमित्त होऊन त्यानें अंथरूण धरिलें. ज्यानें जगाला सर्व रोगांवर औषध सांगितलें त्याला स्वतःचे हात हालविणें अवघड झालें. भट्टी बंद पडली. घर चालविण्यासाठीं उपकरणें आणि पुस्तकें विकावीं लागलीं. अशा स्थितींतही तो अंथरुणावरून ग्रंथ लिहीतच होता. एलीयावरील पुस्तक त्याच दिवसांतलें. १६७० च्या मार्च महिन्यांत तो वारला, व वेस्टरकेर्क ह्या चर्चमध्यें त्याला मूठमाती देण्यांत आली. त्याच चर्चमध्यें आदल्याच वर्षीं रेम्ब्रांट ह्या जगप्रसिद्ध चित्रकाराचें दफन झालें होतें. ग्लाउबरच्या मुलांपैकीं योहानेस, यान गोट्लीफ आणि मुलगी डायाना हीं पुढें चित्रकार झालीं. बापाची भट्टी कोणी पुढें चालविली नाहीं.

मिठाचा संसार मात्र वाढत गेला. पुढील शतकांत ग्लाउबरचें मीठ जुलाबाचें औषध म्हणून युरोपभर घरोघरीं पोंचलें. नॉयश्टाटच्या झऱ्यानें त्या तरुणाचें पोट कां साफ झालें ह्याचा उलगडा ह्यांत आहे, आणि त्यापलीकडे त्यांत गूढ कांहीं नाहीं. कार्ल्सबाडच्या नामांकित झऱ्यांच्या पाण्यांतही हाच क्षार मुख्य आहे. १७९१ सालीं लब्लां ह्या फ्रेंच वैद्यानें मिठापासून सोडा करण्याची जी रीत काढिली तिची पहिली पायरी म्हणजे ग्लाउबरचीच कृति: मीठ आणि गंधकाम्ल. दुसऱ्या पायरीला तो क्षार कोळसा व चुनखडी ह्यांबरोबर भाजावयाचा. ज्या कोळशानें ग्लाउबरला भुलविलें त्यानेंच पुढें साबणाचे व कांचेचे कारखाने चालविले. आमचे विद्यार्थी पुस्तकांना जो तपकिरी कागद घालतात, त्याचा लगदा करण्याची पद्धत १८७९ सालीं कार्ल डाल ह्या जर्मन रसायनज्ञानें काढिली; तींतही हाच सल्फेट व त्याचा कोळशाशीं तोच व्यवहार आहे. आपल्या देशांत राजस्थानांतील डिडवाणा येथील खाऱ्या सरोवरांतून सोडियम सल्फेट निघतो. कास्पियन समुद्राला लागून असलेल्या कारा-बोगाझच्या आखातांत हिंवाळा आला कीं गार पाण्यांत हे स्फटिक आपोआप धरतात आणि लाटा त्यांचे ढीग किनाऱ्यावर आणून टाकितात. उन्हाळ्यांत ते पुन्हां विरघळून जातात.

१८४५ सालीं हायडिंगर ह्या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञानें ह्या खनिजास मिराबिलाइट असें नांव दिलें, म्हणजे ग्लाउबरचा अद्भुत हा शब्द तेवढा राखून ठेविला. संग्रहालयांत त्याचे नमुने घट्ट बुचाच्या कांचपात्रांत ठेवावे लागतात. बूच सैल राहिलें तर कांहीं दिवसांत स्फटिकाची पांढरी भुकटी होते, आणि त्या भुकटीला खनिजशास्त्रांत थेनार्डाइट असें वेगळें नांव आहे.